रशियन ऑफिसात साहेबाला काय म्हणायचं? (आणि त्याच्या पाठीमागे काय?)

बर्फातला_कोकणी

मंडळी, मॉस्कोत येऊन सात महिने झाले. औषधांच्या आयातीचं काम, ऑफिसात वीसेक माणसं, मराठी मी एकटाच. रशियन पुस्तकातून आणि मोबाइलवर शिकलोय, म्हणजे भाजी आणता येते, भांडता येत नाही.

गेल्या सोमवारची गोष्ट. शब्दकोशात 'साहेब, वरिष्ठ' याला 'नचाल्निक' असा शब्द सापडला होता. मी खूश. सकाळी साहेब पॅसेजमध्ये दिसले तसा मोठ्याने म्हणालो, "दोब्रये ऊत्रा, नचाल्निक!" (सुप्रभात, साहेब!) पॅसेज गप्प. मग हिशेबाच्या बाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि त्या हसायला लागल्या. साहेब एकदम कडक चेहरा करून म्हणाले, "रूकी ज़ा स्पीनू!" आणि मग सगळं ऑफिस हसलं. मी पण हसलो, कारण दुसरं काय करणार.

'हात पाठीमागे' एवढा अर्थ नंतर शोधला. पण विनोद कळला नाही तो नाहीच. रशियन येणारे इथे बरेच आहेत. साहेब या प्राण्याला रशियनमध्ये नक्की काय काय म्हणतात, कधी म्हणतात, आणि मी काय बोलून गेलो, ते सांगा.

गप्प_बसा

तू काय बोललास ते ठाऊक नाही, पण ऑफिसात पाय भक्कम रोवलास. आता कोणी विसरणार नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

समोवार

कोकणी, तुम्ही साहेबांना जेलर केलंत.

'नचाल्निक' हा अगदी साधा, अधिकृत शब्द आहे. विभागप्रमुख म्हणजे 'नचाल्निक अद्येला', स्टेशनमास्तर म्हणजे 'नचाल्निक वग्ज़ाला'. पदाच्या पाटीवर, पत्रात, तिऱ्हाइताशी बोलताना तो खुशाल वापरा. 'माझा नचाल्निक रजेवर आहे' यात काही वावगं नाही. पण तोंडावर हाक म्हणून तो तुरुंगातला आहे. कैद्याला पहारेकऱ्याला 'तवारिश' म्हणजे कॉम्रेड म्हणायचा अधिकार नसे, म्हणून तो म्हणायचा 'ग्रझ्दनीन नचाल्निक', नागरिक साहेब. आणि कैद्याला हलवताना पहारेकरी ओरडतो ते 'रूकी ज़ा स्पीनू', हात पाठीमागे. तुमच्या साहेबांनी हजरजबाबीपणे तुमच्या वाक्याला जोडीचं वाक्य दिलं. माणूस चांगला दिसतो, सांभाळून ठेवा.

आणखी एक. परप्रांतातून आलेल्या मजुराच्या तोंडी मोडक्या उच्चाराचं 'नस्याल्निका' घालून टीव्हीवर बरीच टिंगल झाली आहे. म्हणून परदेशी माणसाने हा शब्द हाक म्हणून वापरला की लोकांना दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. तुमची चूक नाही, पण आता करू नका.

उच्चाराचं सांगते, कारण तीस वर्षं तेच शिकवत आले: इथला च 'चार'मधला. 'चमचा'मधला नव्हे. चमच्यांसाठी वेगळे शब्द आहेत, ते नंतर.

बर्फातला_कोकणी

समोवारताई, साष्टांग नमस्कार. म्हणजे मी स्वतःला कैदी म्हणवून घेतलं. मग हाक काय मारू? 'सर' चालेल?

समोवार

'सर' म्हटलंत तर त्यांना वाटेल तुम्ही इंग्रजी सिनेमातून आलात. 'साहेब' या शब्दाचं रशियनमध्ये नेमकं जोडीदार नाही. आपलं 'साहेब' दोन्हीकडे चालतं: 'साहेब, सही हवी होती' आणि 'साहेब आज चिडलेत'. रशियनमध्ये ज्या शब्दाने साहेबाबद्दल बोलता, त्याने साहेबाशी बोलता येत नाही. हे एक कळलं की अर्धं काम झालं.

तोंडावर एकच रीत: नाव आणि बापाचं नाव. बापाच्या नावाला 'ओच्चेस्त्वो' म्हणतात. साहेब इवान, त्याचा बाप प्योत्र, तर 'इवान पेत्रोविच'. बाई असेल तर 'आन्ना पेत्रोव्ना'. आडनाव नाही, पद नाही, 'जी' नाही, 'मॅडम' नाही. आणि सोबत 'वी', म्हणजे तुम्ही. व्लादीमिर ऑफिसात कितीही मोठा असो, 'दोब्रये ऊत्रा, व्लादीमिर निकलायेविच' एवढं म्हटलं की झालं.

ओझरचा_पोरगा

व्वा, हे वाचून वडील आठवले. ते नाशिकजवळ ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात होते, कारखाना 1964 चा. सोव्हिएत तज्ज्ञ यायचे तेव्हा आमच्या वडिलांची पंचाईत अशी की सगळ्या मोठ्या लोकांना दोन दोन नावं, आणि ती पूर्ण म्हणायची. पाठ करायला ते घरी वहीत लिहायचे. पण तिकडचे लोक बोलताना ती नावं अशी चघळून टाकायचे की वहीतलं एकही ओळखू यायचं नाही. लिहिलंय 'मिखाइल इवानोविच', कानावर येतं 'मिखालिवानिच'.

वडिलांना मात्र एक गोष्ट फार आवडायची. म्हणायचे, यांच्या आणि आपल्या नावांत फरक कुठे आहे? आपलंही नाव, बापाचं नाव, आडनाव. फक्त आपण मधलं नाव रेशन कार्डावर ठेवतो आणि ते लोक रोज हाक मारायला काढतात.

अनुवादी

ओझरचा_पोरगा, त्या 'चघळण्याला' तर नियमच आहे. पावलोविच बोलताना 'पालिच' होतो, निकलायेविच 'निकलाइच', सेर्गेयेविच 'सेर्गेइच'. आलेक्सान्द्र आलेक्सान्द्रोविच हा साडेतीन मैलांचा माणूस बोलण्यात 'सान सानिच' होतो. शाळेतली प्रत्येक काल्पनिक बाई 'मार्यिवान्ना' असते, मूळ मारीया इवानोव्ना. हे आखडणं अनादराचं नाही. उलट पूर्ण, एकेक अक्षर सुटं उच्चारलंत तर तुम्ही परदेशी आहात किंवा रागावला आहात असं वाटतं.

पण नाव गाळून नुसतं 'पेत्रोविच!' म्हटलं तर पट्टी बदलते. तो कारखान्यातला जुना, जाणता, हाताला काळं लागलेला माणूस. फोरमन, वयस्कर फिटर. आदर आहे, पण ओव्हरऑल घातलेला आदर आहे. कंपनीच्या संचालकाला नुसतं 'पेत्रोविच' म्हणू नका.

अवांतर: 'इल्यिच' एवढंच म्हटलं की पूर्वी सगळ्यांना लेनिन कळायचा. उघड्या वायरला लटकणाऱ्या नुसत्या बल्बला अजून 'इल्यिचचा दिवा' म्हणतात, विद्युतीकरणाच्या मोहिमेवरून. मजा म्हणजे नंतरचा सोव्हिएत नेता ब्रेझ्नेवही इल्यिचच.

थंडीतली_डॉक्टर

मी सहा वर्षं रशियात मेडिकल केलं. मधल्या नावाचा माझा किस्सा. डीनच्या ऑफिसातल्या बाईंना पासपोर्टवरचं माझं मधलं नाव दिसलं, त्यावरून त्या मला लग्न झाल्यावरही त्याच नावाने ओळखत राहिल्या. मी सांगितलं की आमच्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव बदलतं, बापाच्या जागी नवरा येतो. त्या बाई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, आडनाव बदलतं ते समजलं, पण बाप कसा बदलेल? रशियात बाईचं ओच्चेस्त्वो मरेपर्यंत बापाचंच. मला तोपर्यंत हे कधी विचित्र वाटलंच नव्हतं.

मूळ विषयावर: हॉस्पिटलमध्ये 'नचाल्निक' फारसं ऐकू येत नाही. सगळ्यात वर 'ग्लाव्व्राच', मुख्य डॉक्टर. वॉर्डाची प्रमुख 'ज़व्येदुयुश्शया'. नर्सेसवर 'स्तार्शया सिस्त्रा', थोरली सिस्टर, आणि खरी सत्ता तिच्याच हातात. ग्लाव्व्राचला आम्ही वर्षात दोनदा पाहिलं असेल.

अनुवादी

'ग्लाव' हे प्रकरण फार चालतं. हिशेबांचा प्रमुख 'ग्लाव्बूख', संपादक 'ग्लाव्रेद'. सोव्हिएत काळाला शब्दांच्या शेपट्या कापायची हौसच होती. 'ज़ाव' म्हणजे चालवणारा: शाळेत वेळापत्रक बघणारा 'ज़ावुच', झाडू आणि बल्ब यांचा अधिपती 'ज़ाव्खोज़', प्रयोगशाळेचा 'ज़ाव्लाब'. 'ज़ाम' म्हणजे ज़मिस्तीत्येल, जागी बसणारा, आपला उप. आणि जो तात्पुरता खुर्चीत बसलाय त्याला 'व्रिओ'. ही तर सरळ आद्याक्षरं आहेत, 'तात्पुरता कार्यभार सांभाळणारा' अशा अर्थाची. गव्हर्नर बदलला की बातम्यांत आधी हाच व्रिओ येतो.

व्याकरणाची एक खोच, शिकणाऱ्यांसाठी. कारखान्याचा डायरेक्टर म्हटलं की षष्ठी: 'दिरेक्तर ज़वोदा'. विभागाचा नचाल्निक, षष्ठी. पण 'ज़व्येदुयुश्शी' आला की एकदम तृतीया: 'ज़व्येदुयुश्शी काफेद्रय', शब्दशः 'विभागाने चालवणारा'. कारण हुकूम चालवण्याची बहुतेक क्रियापदं तृतीया मागतात. नेतृत्व करणं, कारभार बघणं, हुकूम सोडणं, सगळी. ज्यावर सत्ता आहे ती वस्तू हातातल्या हत्यारासारखी धरायची, असं माझं मी लक्षात ठेवलंय.

गप्प_बसा

म्हणजे विभाग हे साहेबाच्या हातातलं हत्यार आणि आपण विभाग. बरोबर आहे. व्याकरण खोटं बोलत नाही.

दुसरा_चहा

मी पुण्यातून एका रशियन टीमबरोबर काम करतो, सॉफ्टवेअर. वरचं सगळं वाचून घाबरलो, कारण आमच्याकडे यातलं काहीही नाही. सगळे एकेरीत, सगळे नुसत्या नावाने, तेही आखडून: साशा, दीमा, लेना. वरिष्ठाला 'तीम्लीद'. मोठ्या पदावरचे सगळे मिळून 'तोपी', टॉप मॅनेजर्सवरून. मनुष्यबळवाले 'एय्चार'. मी एकदा मीटिंगमध्ये लीडला ओच्चेस्त्वो लावून बोललो तर तो म्हणाला, काय झालं, मला काढलं का?

समोवार

दुसरा_चहा, हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. संगणकाच्या कंपन्यांमध्ये पहिल्या दिवशीच 'एकेरीत येऊया' असं होतं. कारखाना, शाळा, हॉस्पिटल, सरकारी कचेरी इथे ओच्चेस्त्वो अजून पक्कं आहे. कोकणींचं ऑफिस यापैकी कुठल्या जातीचं हे कान देऊन ठरवा. हिशेबाच्या बाई साहेबांना काय म्हणतात ते ऐका आणि तेच म्हणा. यापेक्षा चांगला नियम मला सापडलेला नाही.

आणि 'मेनेद्झेर' या शब्दाने फसू नका. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे साहेब. तिथे 'मेनेद्झेर पा प्रदाझम' म्हणजे दुकानातला किंवा फोनवरचा विक्रेता. त्याच्या हाताखाली बहुतेकदा कोणीही नसतं. आमचा एक विद्यार्थी मुलाखतीत 'मी तिथे मेनेद्झेर होतो' असं अभिमानाने सांगून आला. खरं तर तो पाच माणसांचा प्रमुख होता, त्याने 'रुकवदीत्येल' म्हणायला हवं होतं.

रुकवदीत्येल हा शब्द मला आवडतो. 'रुका' म्हणजे हात, आणि नेणारा. हाताला धरून नेणारा. पीएच.डी.चा मार्गदर्शक 'नाऊच्नी रुकवदीत्येल', विद्यार्थ्यांच्या तोंडी 'नाउच्रूक'. वर्गशिक्षिका 'क्लास्नी रुकवदीत्येल'. नचाल्निकच्या मुळाशी 'नचाला', म्हणजे आरंभ. ज्याच्यापासून सुरू होतं तो.

बर्फातला_कोकणी

हे सोनं आहे. एक शंका: आमचे तरुण लोक साहेबांना पाठीमागे 'शेफ' म्हणतात. मला वाटलं स्वयंपाकी. आणि काल टॅक्सीत एकाने ड्रायव्हरलाही 'शेफ' म्हटलं!

निवृत्त_दर्यावर्दी

टॅक्सीत मीही म्हटलंय. सेव्हेरोद्विन्स्कच्या गोदीत होतो काही महिने, आपल्या नौदलाच्या विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाच्या कामाच्या वेळी. जहाज 2013 च्या नोव्हेंबरात ताब्यात आलं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. 'शेफ, स्वबोद्येन?' म्हणजे 'मालक, रिकामी आहे का?' आपल्याकडे रिक्षावाल्याला 'मामा', 'काका', 'बॉस' म्हणतात तसंच. 'कमांदीर' पण चालतं. खरा कमांडर शेजारी उभा असताना टॅक्सीवाल्याला कमांदीर म्हणताना मला पहिल्यांदा कसंतरी झालं.

लष्करात मात्र गोष्ट वेगळी. 1991 नंतर सगळीकडून 'तवारिश' गेलं, पण गणवेशात ते तसंच आहे. 'तवारिश कपितान', 'तवारिश पल्कोव्निक'. पद सांगायचं, त्याआधी तवारिश लावायचं. होकाराला 'ताक तोच्ना', हुकूम मिळाला की 'येस्त'. या 'येस्त'वर आमची पोरं सुरुवातीला हसायची, मग सवय झाली आणि घरी फोनवर बायकोला पण येस्त.

अनुवादी

शेफ फ्रेंच-जर्मनकडून आलाय. ऑफिसात त्यात सलगी आहे: आपला साहेब, ज्याच्याबद्दल कुरकुर करायचा आपल्याला हक्क आहे तो. 'नचाल्निक' कोरडा, 'रुकवदीत्येल' कागदावरचा, 'बोस' थोडा सिनेमातला. 'गेनेराल्नी' एवढंच विशेषण म्हटलं की जनरल डायरेक्टर. आणि 'साम', म्हणजे 'स्वतः'. 'साम प्रियेखल', स्वतः आलेत. आपण आवाज खाली आणून 'मोठे साहेब' म्हणतो तसं.

शेफवरून आणखी एक जुनी आठवण सोव्हिएत माणसाला येते: 'शेफ्स्त्वो'. कारखान्याने एखादी शाळा किंवा सामूहिक शेत दत्तक घ्यायचं. त्यातून शहरातले इंजिनियर शनिवारी बटाटे काढायला जायचे.

गप्प_बसा

सगळे सभ्य शब्द झाले. आता शिव्या द्या. इथे येणाऱ्या अर्ध्या लोकांना त्याच हव्यात, फक्त कोणी बोलत नाहीये.

समोवार

शिव्या देणार नाही, पण शेलके शब्द देते.

'समदूर' म्हणजे मनाला येईल ते करणारा, दुसऱ्याचं न ऐकणारा, लहरी हुकूमशहा. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांवरच्या नाटकांमुळे हा शब्द घरोघरी गेला आणि आजही तो शब्द म्हटला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापला साहेब येतो. 'बल्शाया शीश्का', मोठं पाइनचं बोंड किंवा मोठं टेंगूळ, म्हणजे बडी असामी. नदीकाठाने नाव ओढणाऱ्या मजुरांच्या रांगेत सगळ्यात पुढच्याला शीश्का म्हणत, त्यावरून असं सांगतात. त्याच्या उलट 'म्येल्कया सोश्का', चिल्लर माणूस.

माझा सर्वांत आवडता: 'स्वाज्येब्नी गेनेराल'. लग्नातला जनरल. पूर्वी व्यापारी लोक लग्नाला शोभा यावी म्हणून एखादा निवृत्त जनरल पैसे देऊन बोलावत. तो जेवतो, पदकं दाखवतो, जातो. आज ज्याचं नाव पत्रिकेवर आणि अधिकार शून्य अशा अध्यक्षाला म्हणतात. आपल्याकडे अशा माणसाला शब्द नाही, माणसं मात्र भरपूर आहेत.

चमच्यांसाठी: 'पदखलीम' (कायम वरिष्ठांची हांजी हांजी) आणि 'पद्लीज़ा', चाटणारा. मराठीतल्या लाळघोट्याशी जवळचं नातं.

अनुवादी

यात क्रियापदांनी केलेली करामत पाहा, नामांपेक्षा तीच भारी. 'सेवा करणं' या एका धातूला उपसर्ग लावत जायचे. 'दस्लुझीत्सा' म्हणजे सेवा करत करत एखाद्या पदापर्यंत पोचणं. 'वीस्लुझित्सा' म्हणजे वरिष्ठाच्या नजरेत भरण्यासाठी राबून दाखवणं. 'बसणं' घ्या: 'पद्सिदेत' म्हणजे खाली दबा धरून बसून दुसऱ्याची खुर्ची काढून घेणं. 'मागणं' घ्या: 'अत्प्रसीत्सा', साहेबाकडे विनवणी करून तेवढ्यापुरतं मोकळं होणं. दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं, मुलाला शाळेतून आणायचं असलं, की अत्प्रसीत्सा. आपल्याला 'साहेबांना विचारून दोन तास लवकर निघालो' एवढं लांब म्हणावं लागतं.

साहेब रागावला तर 'वीज़्वल ना कव्योर': गालिच्यावर बोलावलं. केबिनमध्ये गालिचा असतो, बाहेर नसतो. आत खरडपट्टी निघते तिला 'स्न्यात स्त्रूझ्कू' म्हणतात, लाकडावरून रंधा फिरवून साल काढावी तसं. आपली खरड आणि त्यांची साल, सुताराचं काम सारखंच. लेखी मात्र तीनच पायऱ्या कायद्यात आहेत: 'ज़मिचानिये' (समज), 'वीगवर' (ठपका), आणि नोकरीवरून काढणं. उशीर झाला तर 'अब्यस्नीत्येल्नया' लिहून द्यायची, खुलासा.

ओझरचा_पोरगा

वाचनखूण साठवली. अनुवादी, यावर वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दुसरा_चहा

माझा एक गोंधळ सोडवा. आपण मराठीत साहेबांबद्दल 'साहेब आलेत' म्हणतो, आदरार्थी बहुवचन. रशियन लिहिताना हात आपोआप बहुवचनाकडे जातो. मी चॅटवर 'डायरेक्टर आले' याला 'दिरेक्तर प्रिश्ली' लिहिलं. समोरून हसण्याच्या तीन खुणा आल्या.

अनुवादी

हा खास मराठी सापळा आहे आणि मीही त्यात पडलोय.

रशियन भूतकाळ बघा: प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो, प्रिश्ली. आला, आली, आलं, आले. लिंगानुसार बदलतो, आणि शेवटी ल! दोन्ही ल कुठून आले तो वेगळा विषय, पण शिकताना फार उपयोग होतो. म्हणूनच आपण बिनधास्त चौथं रूप वापरतो. पण रशियनमध्ये बहुवचनाचा आदर फक्त तोंडावर, 'वी' म्हणजे तुम्ही म्हणताना. पाठीमागे साहेब एकटाच: 'दिरेक्तर प्रिशोल', डायरेक्टर आला. यात कसलाही अनादर नाही.

'दिरेक्तर प्रिश्ली' हे एकोणिसाव्या शतकातल्या घरगड्याचं बोलणं आहे. मालक एकटाच असला तरी तो 'ते जेवतायत' म्हणायचा. आज कोणी तसं बोललं तर एकतर उपहास, नाहीतर लाळघोटेपणा. तुझ्या चॅटवर लोकांना वाटलं की तू सरंजामी थाटात टोमणा मारलास. म्हणून हसले.

बाई डायरेक्टर असेल तर नाम पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी: 'दिरेक्तर प्रिश्ला', डायरेक्टर आली. व्याकरणाच्या मास्तरांनी आधी नाकं मुरडली, आता चालतं. 'नचाल्नित्सा' हा स्त्रीलिंगी शब्द आहे, बोलण्यात चालतो, पाटीवर मात्र बाईंनाही 'नचाल्निक'च. 'दिरेक्त्रीसा' म्हटलं की शाळेची कडक मुख्याध्यापिका डोळ्यांसमोर येते.

समोवार

अनुवादींनी चारही रूपं दिली, पण त्यातल्या तिसऱ्यावरची गंमत राहिली. 'नचाल्स्त्वा' हा समूहवाचक शब्द, साहेबवर्ग. तो नपुंसकलिंगी. म्हणून 'नचाल्स्त्वा प्रिश्लो', साहेबवर्ग आलं! मराठीत हे एकाच शब्दाला जमतं: सरकार आलं. आणि आपण घरातल्या मोठ्या माणसालाही गमतीने 'सरकार' म्हणतोच की. वर्गात हे सांगितलं की कोणी कधी विसरत नाही.

या नचाल्स्त्वावर म्हणींचा पाऊस आहे. 'नचाल्स्त्वा उशिरा येत नाही, त्याला कामामुळे विलंब होतो.' 'नचाल्स्त्वाला जास्त दिसतं', म्हणजे वाद घालू नका, हे बहुतेक वेळा कपाळाला हात लावून म्हणतात. सैन्यातली: 'नचाल्स्त्वापासून लांब, मुदपाकखान्याजवळ.' आणि सगळ्यांची आजी: 'या नचाल्निक, ती दुराक. ती नचाल्निक, या दुराक.' मी साहेब तर तू मूर्ख, तू साहेब तर मी मूर्ख. 'ती' म्हणजे तू, इ आणि उ यांच्या मधला स्वर आहे. आपल्या 'तू'चा हा सख्खा चुलतभाऊ, आणि 'वी' संस्कृतातल्या 'वः'चा.

निवृत्त_दर्यावर्दी

लांब आणि मुदपाकखान्याजवळ. आमच्याकडेही हेच, फक्त गॅली म्हणायचं.

थंडीतली_डॉक्टर

तू-तुम्हीवरून: सगळ्यात त्रास मला याचाच झाला. एक प्राध्यापक आम्हा सगळ्यांना एकेरीत बोलायचे, आम्ही त्यांना 'वी'. रशियनमध्ये यासाठी क्रियापद आहे, 'तीकत', म्हणजे ती-ती करणं, आणि उलट 'वीकत'. मला लगेच कळलं, कारण आपल्याकडे अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं आहेच. एका रशियन मैत्रिणीने त्या सरांबद्दल तक्रार करताना हेच म्हटलं: 'ते मला तीकतात!' मी तिला मराठी शब्द शिकवला. नंतर ती कोणावरही चिडली की 'अरेतुरे' म्हणायची.

गप्प_बसा

एवढ्या चर्चेत एक प्रश्न राहिलाच. जुन्या काळी काय म्हणायचे? त्या झारच्या वेळी?

अनुवादी

1722 मध्ये पीटर पहिल्याने पदांचा तक्ता केला, चौदा वर्ग. प्रत्येक वर्गाला हाक ठरलेली. खालच्या वर्गांना 'वाशे ब्लगरोदिये', चौथ्या-तिसऱ्याला 'वाशे प्रेवसखदीत्येल्स्त्वा', सगळ्यात वर त्यालाच 'विसोका' म्हणजे उच्च जोडून आणखी लांब. कारकुनाने चुकीच्या वर्गाची हाक मारली तर तो अपमान. 1917 मध्ये सगळं रद्द. तो 'चिन' म्हणजे दर्जा मात्र भाषेत शिल्लक राहिला: नोकरशहा 'चिनोव्निक', आणि हाताखालचा माणूस 'पद्चिन्योन्नी', दर्जाखाली घातलेला. गप्प_बसा, त्यात तुम्ही आणि मी.

बर्फातला_कोकणी

दोन दिवस लॉगिन केलं नाही, तेवढ्यात धाग्याचा वटवृक्ष झाला. सगळ्यांना धन्यवाद.

अहवाल: ताईंच्या सांगण्याप्रमाणे कान दिला. हिशेबाच्या बाई पूर्ण नाव-ओच्चेस्त्वो म्हणतात, पण चघळून. मी रात्री आरशासमोर पंधरा वेळा म्हटलं आणि काल सकाळी तसंच चघळून टाकलं. साहेब थांबले. म्हणाले, आणि तुझ्या वडिलांचं नाव काय? म्हटलं, पांडुरंग. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. आता मी ऑफिसात 'पांदुरंगविच' आहे. आबांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, म्हणजे मलाही रोज ऑफिसला बोलवतात की.

आता नवीन संकट. शुक्रवारी साहेबांच्या बाईंचा, म्हणजे ज्यांच्या हाताखाली आमचे साहेब आहेत त्या मोठ्या बाईंचा वाढदिवस. ऑफिसतर्फे कार्ड माझ्याकडे लिहायला दिलंय, हस्ताक्षर बरं म्हणून. सुरुवात काय करू? 'उवझायेमया' की 'दरगाया'?

समोवार

'उवझायेमया', आदरणीय, आणि पुढे नाव-ओच्चेस्त्वो, मग उद्गारचिन्ह. 'दरगाया' म्हणजे प्रिय, ते त्यांच्याबरोबर दहा वर्षं काढलेल्यांनी लिहावं. फक्त लक्षात ठेवा, नाव न लावता रस्त्यात कोणाला नुसतं 'उवझायेमी!' म्हटलं तर ते 'ओ शहाणे!' इतकं वाईट लागतं. कार्डात नाव विसरू नका.

खाली 'कलेक्तीव अद्येला', विभागाची मंडळी.

थंडीतली_डॉक्टर

आणि फुलं मोजून घ्या. विषम संख्या. सम संख्या मयताला नेतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वॉर्डप्रमुख बाईंना डझनभर गुलाब दिले होते.

बर्फातला_कोकणी

बारा आणलेत. एक काढून हिशेबाच्या बाईंच्या कपाशेजारी ठेवतो.

गप्प_बसा

एकच? मग त्या विचारतील दुसरा कुठे आहे.

समोवार

एक विषमच असतो, गप्प_बसा.